काकांनी आखलेला रविवार

आमच्या रमाकांतकाकांनी आयुष्यात एकही सहल आखल्याशिवाय केली नाही, आणि आखलेली एकही सहल कोणाला सुखाने करू दिली नाही. तिघऱ्याच्या धरणावर डबे घेऊन जायचं असलं, तरी आदल्या दिवशी दर्पण कॉलनीतल्या त्यांच्या व्हरांड्यात फळा लागायचा. फळा म्हणजे खराखुरा काळा फळा. शाळेत नवे पांढरे फळे आले तेव्हा जुन्यातला एक काकांनी हेडमास्तरांकडून मागून घेतला आणि सायकल रिक्षात घालून घरी आणला. त्यावर किती वाजता निघायचं, कुठे बसायचं, ऊन कुठल्या बाजूने येईल, परत येताना कोण कुठे उतरणार, सगळं खडूने लिहिलेलं असायचं. पाच मिनिटं उशीर झाला की काका फळ्याकडे बोट दाखवायचे, बोलायचे नाहीत. बोलले असते तर परवडलं असतं.

बत्तीस वर्षं त्यांनी भूगोल शिकवला. मलाही शिकवला, आणि पुतण्या म्हणून दोन मार्क कायम कमीच दिले. पुढे मी पाटणकर बाजारात झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरण्याचं दुकान टाकलं, त्याचं श्रेय ते आजही माझ्या भूगोलाला देतात. मी चिडतो. चिडणं हा माझा स्वभावच आहे, असं माझी बायको सीमंतिनी म्हणते, आणि तसं म्हटलं की मी आणखी चिडतो.

तर यंदा थंडी सरता सरता काकांनी जी सहल आखली, तिच्यासारखी ग्वाल्हेरात कोणी आखली नसेल. काकांची मुलगी मंजिरी गेली चार वर्षं बार्बाडोसला असते. कॅरिबियन समुद्रातलं बेट आहे ते, आपल्या जिल्ह्याहूनही लहान. जावई यशोधन तिथल्या एका मेडिकल कॉलेजात शिकवतो आणि मंजिरी दवाखान्यात फार्मसी सांभाळते. त्यांनी आई-बाबांना तीन आठवड्यांसाठी बोलावलं. त्या तीन आठवड्यांत दोघांची सुट्टी एकत्र पडेल असा रविवार एकच होता. तो सगळा दिवस समुद्रावर घालवायचा, सगळ्यांनी मिळून, असं ठरलं. ठरलं म्हणजे मंजिरीने फोनवर सांगितलं. खरं ठरवणं त्यानंतर व्हरांड्यात सुरू झालं.

काकांनी फळ्यावर बेट काढलं. पेरूसारखा आकार. उजवीकडे लाटांच्या रेघाच रेघा मारल्या आणि म्हणाले, "हा पूर्व किनारा. इकडे अटलांटिक महासागर. इकडे फिरकायचं नाही." मग डावीकडे एकच आडवी, सरळ रेघ मारली. "हा पश्चिम किनारा. इथे पाणी शांत. भरती-ओहोटीतसुद्धा हातभराचाच फरक. शरयूला इथेच न्यायचं."

शरयू म्हणजे माझी काकू. सगळा खटाटोप तिच्यासाठी होता आणि त्याचं कारण सांगायचं तर आमच्या घरातला एक नियम सांगावा लागेल. आमचे आजोबा, म्हणजे काकांचे अण्णा, पुराणिक. त्यांच्या शास्त्राप्रमाणे समुद्र हा देव, आणि या देवाला वाटेल तेव्हा शिवायचं नाही. शिवायचं ते पर्वणीला, म्हणजे अमावस्येला, पौर्णिमेला किंवा ग्रहणात. एरवी काठावरून हात जोडायचे आणि मागे फिरायचं. आमच्या घरातले बाकीचे नियम एकेक करून गळाले. चातुर्मासात कांदा आला, सोवळं गेलं, माझ्या धाकट्या बहिणीने तर लग्नच भिंडच्या ठाकुराशी केलं. हा एक नियम मात्र टिकला, कारण ग्वाल्हेरपासून समुद्र इतका लांब की तो मोडायची वेळच कोणावर येत नव्हती.

आली ती काकूवर. लग्नाला दोन वर्षं झाली असताना काका-काकू आजोबांबरोबर द्वारकेला गेले होते. काकूने समुद्र पहिल्यांदा पाहिला, साडी घोट्याच्या वर धरली आणि पाण्याकडे निघाली. काकांनी तिला हाताला धरून थांबवलं. आज द्वादशी आहे, म्हणाले. पुढे पुरीला गेले तेव्हा दशमी होती, कन्याकुमारीला गेले तेव्हा चतुर्थी. शाळेच्या सुट्ट्या तिथी बघून लागत नाहीत. काकू दर वेळी कोरड्या पायांनी घरी आली आणि बायकांना समुद्राचं वर्णन करून सांगत राहिली.

आता ती सत्तरीला आली. दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली. जायच्या आधी मी त्यांच्या कागदांच्या झेरॉक्स द्यायला गेलो तेव्हा ती दशम्यांचं पीठ मळत होती.

"पोहे खाऊन जाशील हां, केदार. घाई नको करू."

"काकू, तिकडे जाऊन काय काय करणार?"

तिने आधी व्हरांड्याकडे पाहिलं. काका फळ्यावर काहीतरी पुसत होते. मग हळू आवाजात म्हणाली, "मला ना रे, त्यात एकदा बसायचं आहे. उभं नाही राहायचं, बसायचं. गळ्यापर्यंत. सगळे जवळ असतील, आणि मी मधे बसली असेन. बस, एवढंच. पुन्हा कोण नेतो मला इतक्या दूर?"

काकूने आजवर माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं, आणि हेही तिने मागितलं नव्हतंच, नुसतं सांगितलं होतं. तरी मी पोहे नुसते चिवडत बसलो.

सुदैवाने तो एकुलता एक रविवार अमावस्येचा निघाला. कॅलेंडरमध्ये स्वच्छ काळा गोळा छापलेला. काकूने तो मला तीनदा दाखवला. काकांनीही फळ्यावर वरच्या कोपऱ्यात 'रविवार, अमावस्या' असं ठळक लिहिलं आणि त्याभोवती चौकट काढली.

मग सुरू झाली तयारी. काकांनी यशोधनला कामाला लावलं. बिचारा जावई, शरीरशास्त्राचा प्राध्यापक माणूस, कॉलेज सुटल्यावर वेगवेगळ्या किनाऱ्यांवर जाऊन पाण्यात चालत होता आणि सासऱ्यांना पावलं मोजून कळवत होता. पाणी गुडघ्यापर्यंत किती पावलांवर, कमरेपर्यंत किती, खाली वाळू की खडक, स्वच्छतागृह किती लांब. एका किनाऱ्यावर त्याच्या पायाला खडक लागला. काकांनी त्याची विचारपूस केली आणि फळ्यावरून तो किनारा पुसून टाकला. शेवटी एक जागा पसंत पडली. बावीस पावलांवर गुडघा, एक्केचाळीस पावलांवर कंबर, खाली नुसती मऊ वाळू. तिथल्या काही झाडांवर लाल पट्टा रंगवलेला असतो, त्यांच्या चिकाने अंग भाजतं, म्हणून त्या झाडांखाली बसायचं नाही, हेही काकांनी शोधून काढलं आणि मला त्याची रंगीत प्रिंट काढायला लावली. कॉलनीतल्या चार जणांना ती वाटली. त्या चौघांपैकी कोणी बार्बाडोसला जाणार नव्हतं.

पण खरी कमाल वाळूची. समोर विक्रमसिंहांचं वरच्या मजल्याचं काम चाललं होतं आणि फाटकाबाहेर रेतीचा मोठा ढीग पडला होता. नव्या गुडघ्यांना वाळूची सवय हवी म्हणून काकांनी तो ढीग फावड्याने पसरवला आणि रोज सकाळी सात वाजता काकूला अनवाणी त्यावर चालवायला सुरुवात केली. स्वतः बाजूने चालत. अंगावर स्वेटर, डोक्याला मफलर, एक हात काकूच्या कोपराखाली.

विक्रमसिंह गच्चीवरून म्हणाले, "मास्टरसाहब, समुंदर यहीं मँगवा लें क्या?"

"तुम्हारी रेत मोटी है, ठाकुरसाहब," काकांनी उत्तर दिलं. "वहाँ बारीक मिलेगी."

मी दुकानात जाताना हे रोज पाहायचो आणि मनातल्या मनात चिडायचो. वाटायचं, एवढी काळजी आता! त्या वेळी पाच मिनिटं पाय ओले करू दिले असते, तर आज ही कवायत कशाला करावी लागली असती? बोललो मात्र नाही. काकांसमोर मी अजून चाळीस मार्कांचाच आहे.

काका-काकू गेले. बॅगेत दशम्या, लसणाची चटणी, मुरैन्याची तीळगुळाची गजक आणि त्या लाल पट्ट्याच्या झाडाची प्रिंट. फळा व्हरांड्यातच राहिला. त्यावरचा कार्यक्रम तसाच होता: साडेनऊला निघणे, दहाला पोहोचणे, साडेदहाला शरयूचे समुद्रस्नान. मंजिरीने सांगून ठेवलं होतं की साडेदहाला ती व्हिडिओ कॉल लावेल, तेव्हा आमच्याकडे रात्रीचे आठ वाजलेले असतील.

तो रविवार उजाडला. माझ्या दुकानात आदल्या दिवशीच नवं प्रिंटिंग मशीन आलं होतं आणि मला ते चालू करायची घाई झाली होती. सीमंतिनीने साफ मना केलं.

"अमावस्येला नवीन मशीन सुरू नाही करायची. दोन वाजून वीस मिनिटांनी संपते. मग करून घ्या काय करायचं ते."

"दोन-वीसला संपते म्हणजे काय? अख्खा दिवस नसते?"

"तिथी आहे ती, दुकान नाही तुमचं, की सकाळी उघडलं आणि रात्री बंद केलं."

मी दुकानात घड्याळाकडे बघत बसलो. अडीच वाजता मशीनपुढे नारळ फोडला, बटण दाबलं आणि पहिला कागद बाहेर येत असताना डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अमावस्या संपली, ती काही फक्त ग्वाल्हेरात संपली नाही. चंद्र एकच आहे. ती सगळीकडे संपली. आणि बार्बाडोसला आत्ता पहाटेचे पाच वाजत होते. काकू पाण्यात उतरणार साडेदहाला. त्या वेळी तिथे प्रतिपदा असेल, अमावस्या नव्हे. तिथली अमावस्या शनिवारी दिवसभर होती, आणि शनिवार गेला.

बत्तीस वर्षं भूगोल शिकवणाऱ्या माणसाने घरचं कॅलेंडर उचलून पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला लावलं होतं!

खरं सांगतो, आधी मला आनंद झाला. आयुष्यात एकदा काकांची चूक सापडली होती. मी घरी गेलो आणि सीमंतिनीला सांगितलं. ती म्हणाली, "चूप बसा. काकू जात आहेत ना पाण्यात? जाऊ द्या." हेच बरोबर होतं, हे मला कळतही होतं. पण मग वाटलं, काका परत येतील, कधीतरी पंचांग उघडून बसतील आणि त्यांना आपणहून कळेल. तेव्हा ते काकूला सांगितल्याशिवाय राहणार नाहीत, आणि काकूच्या त्या एका दिवसाची माती होईल. आत्ताच सांगितलं, तर निदान काही तोड निघेल. अशी समजूत घालून मी गच्चीवर गेलो आणि सव्वाचारला फोन लावला. माझं तोंड गप्प राहू शकत नाही, हेही कारण होतंच.

काकांनी पहिल्याच रिंगला उचलला.

"काका, काकू जवळ आहे?"

"आत डबे भरते आहे. काय झालं?"

मी एका दमात सगळं सांगून टाकलं. दोन-वीस, पहाटे, प्रतिपदा. पलीकडून दार ओढून घेतल्याचा आणि पायऱ्या उतरल्याचा आवाज आला.

"तुझ्याकडे किती वाजले?" काकांनी विचारलं.

"सव्वाचार."

"माझ्याकडे पावणेसात. फरक किती?"

"साडेनऊ तास."

"शाबास. हे शाळेत सांगितलं असतंस तर पहिल्या वर्गात पास झाला असतास." मग जरा थांबून म्हणाले, "तुला काय वाटलं रे, पोरांना जन्मभर रेखावृत्तं शिकवून मी हे विसरेन? मला फळ्यावर लिहितानाच माहीत होतं."

मी खालीच बसलो. गच्ची तापलेली होती, तेही उशिरा कळलं.

"मग काल का नाही नेलंत? काल तर खरी होती."

"काल मंजिरीची ड्यूटी, यशोधनच्या विद्यार्थ्यांची परीक्षा. मी म्हणालो, चल, टॅक्सीने जाऊन येऊ आपण दोघं. तर म्हणते, उद्या सगळे आहेत, उद्याही अमावस्याच आहे की, मग आज दोघंच कशाला? खरं सांगितलं असतं तर आली असती. माझ्याबरोबर, घाईघाईत, टॅक्सीवाला थांबलाय म्हणून पाच मिनिटं. तिला सगळ्यांच्या मधे बसायचं आहे. मी ऐकलं होतं तुला सांगताना."

"मग सरळ सांगा ना काकूला, की आता हे सगळं राहू दे, नुसती जा पाण्यात!"

"सांगून पाहिलंय." काकांचा आवाज एकदम म्हातारा झाला. "मंजिरीच्या लग्नाआधी गोव्याला गेलो होतो आम्ही. मी म्हणालो, जा शरयू, कोण बघतंय. तर ती म्हणाली, आज सप्तमी. मी तिला द्वारकेला एकदाच सांगितलं होतं, केदार. एकदाच. अण्णा मागे उभे होते, त्यांना बरं वाटावं म्हणून सांगितलं. बावीस वर्षांची पोर होती ती, पाण्याकडे धावत निघाली होती. इतके विद्यार्थी झाले, पण माझं एवढं मन लावून कोणीच ऐकलं नाही. ही चूक इथली नाही, बाबा. फार जुनी आहे, आणि माझी आहे."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तिने पर्वणी समजूनच पाय घालायचा आहे, त्यामुळे तिला काही दोष लागत नाही," काका पुन्हा मास्तरांच्या आवाजात म्हणाले. "जे काय लागेल ते मला. आणि हे सीमंतिनीला सांगू नकोस."

"नाही," मी म्हणालो. अर्धी गोष्ट तिला आधीच सांगितलेली होती, पण अर्धीच.

आठ वाजता मंजिरीचा फोन आला. स्क्रीनवर आधी नुसताच निळा रंग दिसला, मग पाणी. इतकं शांत पाणी मी तिघऱ्यालाही पाहिलं नाही. लाट म्हणून नाहीच, काठाशी जरा हलल्यासारखं व्हायचं तेवढंच. मंजिरीच्या कुडत्यात काकू ओळखू येत नव्हती. एका बाजूला यशोधन, दुसऱ्या बाजूला नऊ वर्षांची नात, आणि काकू एकेक पाऊल टाकत आत चालली होती. कमरेपर्यंत पाणी आल्यावर तिने हात जोडले, ओंजळ भरून डोक्यावर घेतली आणि मागे वळून यशोधनला काहीतरी म्हणाली.

"नानी, बैठो ना! मैंने पकड़ा है," नात ओरडली.

काकू बसली. पाणी गळ्यापर्यंत आलं. ती डोळे मिटून राहिली, आणि मग हसायला लागली. काकूला मी जन्मापासून ओळखतो, पण असं हसताना पाहिलं नव्हतं. सीमंतिनी माझ्या शेजारी बसून पदराने डोळे पुसत होती, आणि मी तिला, यात रडण्यासारखं काय आहे, असं विचारत होतो.

"काका कुठे आहेत, मंजिरी?" सीमंतिनीने विचारलं.

मंजिरीने फोन फिरवला. काका काठावर उभे होते. पायात सॅंडल, पँट इस्त्रीची, खांद्यावर डब्यांची पिशवी. पाण्यापासून बरोबर दोन हात लांब. काकूला पाण्यात पाठवलं होतं, पण स्वतः ते पर्वणी नसताना समुद्राला शिवणार नव्हते. पर्वणी संपल्याचं काकांना ठाऊक आहे, हे माहीत असलेला दुसरा माणूस मी एकटाच होतो, आणि मी दर्पण कॉलनीत सोफ्यावर बसलो होतो. तिथे लाटाही नव्हत्या. एखादी चुकार लाट येऊन पाय भिजवून गेली असती, तर ती गोष्ट वेगळी. या पाण्यात माणसाला स्वतःहूनच जावं लागतं, आणि तसा किनारा काकांनीच शोधून काढला होता.

"अहो, या की!" काकूने हाक मारली. "काय चाललंय तिथे?"

"सामान सांभाळतोय," काका म्हणाले.

"सामान कोण नेतंय इथे? या ना. पर्वणी आहे आज!"

काकांनी पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. जागचे हलले नाहीत.

"थांबा, मीच येते घ्यायला," काकू म्हणाली, आणि यशोधनचा हात सोडून तिने उठायला पाण्यात जोर लावला. एक पाय टेकला, दुसरा सरकला. ती एका बाजूला कलंडली.

"उठू नकोस! शरयू, गुडघे!"

पिशवी वाळूत पडली. काका सॅंडलसकट पाण्यात शिरले, घड्याळासकट, इस्त्रीच्या पँटीसकट. यशोधनने काकूला केव्हाच सावरलं होतं, पण काकांना ते दिसलं नाही, किंवा दिसूनही ते थांबले नाहीत. पाणी दोन्ही हातांनी बाजूला सारत ते तिच्यापर्यंत पोहोचले, तिचा दंड धरला आणि तसेच तिच्या शेजारी खाली बसले. चष्म्यावर पाणी उडालं होतं. धाप लागली होती.

काकूने ओंजळ भरली आणि त्यांच्या डोक्यावर ओतली.

"बघा," ती म्हणाली, "आज अमावस्या होती म्हणून आलात. नाहीतर कसले येताय तुम्ही!"

काकांनी चष्मा काढला. तो पुसायला अंगावर कोरडं काही उरलं नव्हतं, म्हणून नुसताच हातात धरला आणि काकूकडे पाहिलं.

"आलो असतो," ते म्हणाले. "अमावस्या नसती तरी आलो असतो."

काकूने त्यांच्या तोंडावर पाणी उडवलं. "काहीतरी खोटं बोलू नका," ती म्हणाली.